बिनवासाचा केवडा

जिचं पोट वाकवा विणण्यावर चालतं, अशा बाईच्या वाकव्याचे कोंभ मी कोयत्याने छाटले, ते टोपाच्या बुडाशी अंथरून त्यावर गौरीच्या नैवेद्याचं ढोंडस भाजलं, आणि वस्तीतल्या बायकांना छातीठोकपणे सांगितलं की आज केवड्याचं ढोंडस आहे. एका सकाळीत इतका मूर्खपणा उरकायला अंगात हुशारी लागते. ती माझ्यात तेव्हा ओतप्रोत होती.

वाकवा काय ते आता या बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साखर भरायच्या पिशव्या, बाजाराच्या टोपल्या, चटया, टोप्या, सगळं त्याच्याच पात्यांचं. पण कोकणातून नुकत्याच उतरलेल्या बाईला तो दाखवा आणि विचारा, हे काय? ती सांगेल, केवडा. तशीच लांब काटेरी पाती, गोल गोल वळत वर गेलेली. तशीच खोडाला काठ्यांचा टेकू द्यावा तशी मुळं. उभाही तसाच, ओढ्याच्या कडेला. आमच्या गावच्या केवड्याचा सख्खा भाऊ शोभेल. फक्त वास नाही. आणि वास नाही हे नाकाला कळायला हवं होतं, पण माझं नाक त्या दिवसांत मी दुसऱ्याच कामाला लावलं होतं. ते वर करून चालण्याच्या.

तेव्हा आम्ही या बेटावर ऊसतोडीच्या करारावर नवे आलेलो, रोझ बेल गावाकडच्या एका कोठीवर होतो. कोठी म्हणजे उसाचा मळा, कारखाना आणि मागे आमच्या झोपड्यांची रांग. त्या रांगेत माझ्या शेजारी आक्का राहायची. आक्का माझी कुणी नव्हे. आम्ही एका जहाजातून आलो, एवढंच. पण एका जहाजातून आलेली माणसं एकमेकांची भावंडं, असं इथे मानतात, आणि आक्काने ते नातं माझ्यावर सासूसारखं राबवलं. मला सासू नव्हती. बोटीवर चढताना मी मनातल्या मनात त्याचा आनंदही केला होता. बोट बंदरातून हलायच्या आत आक्काने पहिल्यांदा माझा पदर ओढून डोक्यावर घेतला, तिथे तो आनंद संपला.

आक्काचा नवरा इथे तापाने गेला. तिचा करार पुरा होत आला होता, आणि तेव्हा परतीच्या जहाजात जागा मिळत असे. रत्नागिरीकडे तिचा भाऊ होता. ती जाणार, हे सगळी वस्ती धरून चालली होती. आणि मला दिवस गेले होते. दिवाळीच्या सुमारास मी बाळंत होणार, वस्तीत बायका मोजक्या, त्यांतल्या निम्म्या माझ्याहून लहान. आक्का गेली तर माझं डोकं मांडीवर घ्यायला कोण? माझा नवरा? त्या माणसाला विंचू चावला तेव्हा विंचवाहून जास्त तोच वळवळला होता.

आता सरळ जाऊन "आक्का, राहा ना गो" म्हणावं की नाही? नाही. मला तोरा. त्यात आक्काशी सरळ बोलण्याची सोय नव्हती. पाणी मागितलं तर ती तहान का लागली ते विचारायची.

त्यात भाद्रपद आला. इथला भाद्रपद थंडीत येतो. तेही आक्काला पटत नसे. जणू तो मीच उलटा टांगला होता. गौरी बसवायच्या म्हटल्यावर तिची रड सुरू झाली. तेरडा नाही. हळदीची पानं नाहीत. ढोंडसाला पिकलं तवसं, म्हणजे जून काकडी, नाही. "आणि केवडा?" ती मला विचारायची, मी तो कुठे लपवून ठेवल्यासारखं. "गौरीच्या डोक्यात केवडा नाही तर ती गौर कसली गो? कशालाच वास नाही या मुलखात. फुलाला नाही, मातीला नाही. जात्ये मी आपली."

हे ऐकून शहाण्या बाईने काय समजावं? की म्हातारीला घरची आठवण येते. मी काय समजले? की केवडा आणून दिला की म्हातारी राहील. एवढा साधा हिशेब! केवडा ठेवला एका पारड्यात आणि दुसऱ्या पारड्यात अख्खा समुद्र, भाऊ, गाव आणि परतीचं जहाज. आणि पारडं माझ्या बाजूला झुकणार याची मला एवढी खात्री, की मी नवऱ्यालासुद्धा काही सांगितलं नाही.

ओढ्यापलीकडे एक क्रिओल म्हातारी राहायची, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातली. गुलामी होती तेव्हा ती याच कोठीच्या उसात राबलेली. सुटका झाल्यावर तिने कोठीकडे पाठ केली ती केलीच. एक झोपडी, चार कोंबड्या आणि ओढ्याकाठी वाकव्याची रांग, एवढं तिचं राज्य. टोपल्या अशा विणायची की पाणी भरावं. आक्काने परतीच्या प्रवासाला म्हणून तिलाच एक झाकणाचा पेटारा सांगितला होता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी त्या पेटाऱ्यावरून त्यांचं तासभर भांडण झालं होतं आणि दोघी जिंकून घरी गेल्या होत्या.

ती वाकव्याची रांग मी रोज लांबून बघत असे. आपला केवडा! इतके दिवस कुणाच्या लक्षात कसा आला नाही? माझ्याच आला! गौरीच्या दिवशी सकाळी मी नटूनथटून निघाले. काटेरी झाडाकडे जायचं, तर माणूस जुनेर नेसेल. मी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले, हातभर बांगड्या, केसांत मोकळी जागा ठेवून अंबाडा. का, तर केवड्याचं पातं तिथे खोवून परतायचं म्हणून. पोट एवढं पुढे, हातात नवऱ्याचा ऊसतोडीचा कोयता. मला कुणी पाहिलं असतं तर मी दरोडा घालायला निघालेली नवरी वाटले असते.

केवड्याचं कणीस पात्यांच्या अगदी गाभ्यात असतं, हे मला ठाऊक. बाहेरची पाती काट्यांची, आत फिकट पिवळी, कोवळी, आणि त्यांत तो सुवास. मी पहिल्या झाडाचा गाभा छाटला. फिकट पाती निघाली, कणीस नाही. वाटलं, हे झाड अजून लहान असेल. दुसरं छाटलं. तेच. तिथे तरी थांबावं! नाही. तिसरं छाटलं, कारण आपण चुकतोय असं वाटलं की माझा हात नेहमी आणखी जोरात चालत असे. आजही चालतो, पण आता हातात कोयता कुणी देत नाही. कोवळी पाती नाकाशी धरली. ओल्या गवताचा वास. मी स्वतःला समजावलं, थंडीमुळे वास आत बसला असेल, ऊब लागली की सुटेल.

लुगडं तीन ठिकाणी फाटलं ते वेगळं.

मग ढोंडस. घरी कसं, तर पिकलं तवसं किसायचं. इथे भोपळा किसला. शिध्याचा तांदूळ भिजवून, वाळवून, जात्यावर जाडसर रवा काढला होता, तो भाजला. गूळ नाही, म्हणून कारखान्यातली काळी काकवी. नारळ मात्र इथे भरपूर, त्यावर आक्कालाही बोट ठेवता आलं नव्हतं. ती म्हणायची, पाणचट आहे. आक्का विधवा, म्हणून त्या दिवशी चुलीपाशी यायची नाही. दाराशी हातभर लांब बसून हुकूम सोडायची. "रवा करपतोय." "काकवी थांब, थांब म्हणत्ये ना!" "विस्तव कसला घेतलास? चिपाडाचा? चिपाडाचा निखारा धरतो का मेला?"

हे तिचं खरं होतं. ढोंडसाला खालून विस्तव हवा तसा वरून, झाकणावरही. उसाची चिपाडं भडकतात आणि डोळा मिटेपर्यंत राख. खाली घालावी तर वर विझलं, वर घालावी तर खाली विझलं. मी फुंकणी घेऊन टोपाभोवती फेर धरला होता. गौरीसमोर फुगडी घालायच्या दिवशी माझी ही अशी फुगडी. शेवटी नवऱ्याने जंगली पेरूचं लाकूड आणून टाकलं आणि वर म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर!" आधी सांगितलं असतं तर तो ओट्यावर झोपला असता.

टोपाच्या बुडाशी मी ती कोवळी पाती अंथरली होती. आक्काला दिसणार नाही अशी पाठ करून.

संध्याकाळी बायका जमल्या. गौर मांडलेली. मी टोप उघडला आणि नाटकातल्यासारखी थांबले. "वास येतोय का कसला?"

बायकांनी वास घेतला. एक म्हणाली, "करपलंय." दुसरी म्हणाली, "आत कच्चं असेल मग." 

"केवडा!" मी म्हणाले. "केवड्यात भाजलंय. आक्का, तुझ्यासाठी. आहे ना या मुलखात केवडा?"

आक्काने टोपाकडे मान लांबवली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, जिंकले. तिने एक वडी उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले, आणि खाल्ली. मग तिने एकदम तोंडावर हात घेतला. बोटांत धरून ओठातून काहीतरी ओढलं आणि उजेडात धरलं. पात्याच्या मधल्या शिरेवरचा काटा. मी कडेचे काटे सोलले होते, मधलेही असतात हे बघितलंच नव्हतं.

"केवडा होय हा?" आक्का म्हणाली. ओठावर रक्ताचा ठिपका. "बये, तुझ्या केवड्याला गुराढोरांच्या वैरणीचा वास येतोय."

माझा नवरा बायकांमागे उभा होता. त्याने वडीवर वडी खाल्ली, काटे काढून ओळीने दाराच्या चौकटीवर मांडले आणि गंभीरपणे म्हणाला, "छान झालंय." त्या माणसाचा त्या क्षणी मला जितका राग आला तितका पुढे जन्मभरात आला नाही, आणि जन्मभरात त्याने प्रयत्न कमी केले नाहीत.

एवढ्यात ओढ्याकडून आरडाओरडा. क्रिओल म्हातारी. एका हातात छाटलेला वाकव्याचा शेंडा, दुसरा हात कमरेवर. "किसांला फिन कूप मो वाकवा?" माझा वाकवा कुणी कापला, असं ते. क्रिओल न येणाऱ्या बाईलाही तो प्रश्न कळला असता. तिने टोपाकडे बघितलं, बुडाशी भाजून काळी पडलेली पाती बघितली, मग माझ्याकडे.

आमच्यात बरी क्रिओल बोलायचा तो नवराच. त्याने तिचं ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, तेही सावकाश, मजा घेत. वाकव्याची बाहेरची जून पाती काढतात. गाभ्याला कधी हात लावत नाहीत. गाभा छाटला की तो शेंडा मेला, त्याला पुन्हा पान नाही. आणि मी छाटली ती तीनही झाडं तिची सगळ्यांत चांगली. आक्काच्या पेटाऱ्याचं झाकण त्यांच्याच पात्यांचं व्हायचं होतं.

"सांग तिला," आक्का म्हणाली, "पोर मूर्ख आहे, पण हात धडके आहेत. घे म्हणावं कामाला."

मला कुणी विचारलं नाही. बायकांनी गौरीची गाणी म्हटली, फुगड्या घातल्या, माझ्या ढोंडसाला कुणी पुन्हा हात लावला नाही. कोंबड्यांनी लावला. त्या म्हातारीच्याच कोंबड्या, त्यामुळे निदान तिला थोडी भरपाई झाली.

तिथून पुढे दर रविवारी दुपारी मी ओढ्यापलीकडे. काम काय, तर पात्यांचे काटे सोलायचे, पाती उन्हात घालायची, पाऊस आला की धावत जाऊन उचलायची. आणि या बाजूला पाऊस म्हणजे कामच नाही दुसरं त्याला. घालायची, उचलायची, घालायची, उचलायची. म्हातारी मला तीफी म्हणायची. तीफी म्हणजे पोरगी. "आयो, तीफी!" हे तिचं माझ्यावरचं अख्खं भाषण, पण ते म्हणायच्या तिच्याकडे इतक्या तऱ्हा होत्या की मी मोजायच्या सोडल्या.

पहिल्या रविवारी मी पुन्हा चोपूनचापून नेसून, बांगड्या घालून गेले. मोलकरीण दिसायला नको ना! बांगड्या पात्यांत अडकल्या, पदर काट्यांत. म्हातारीने माझ्याकडे खालून वर बघितलं, आत गेली, एक जुनी वाकव्याची टोपी आणून माझ्या डोक्यावर पदरासकट दाबून बसवली. स्वतः ती ढगळ झग्यात, डोक्याला फडकं, पाय अनवाणी, कशात काही अडकत नव्हतं. पुढच्या रविवारी मी लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं, बांगड्या घरी ठेवल्या, अंगात नवऱ्याचा जुना सदरा चढवला, कारण पोटावर माझी चोळीच बसेना. वर पदर, पदरावर टोपी.

काय सांगू! त्या अवतारात मला जे सुख वाटलं ते ठेवणीतल्या लुगड्याने कधी दिलं नाही. वारा लागायचा. वाकता यायचं. आक्काने ओढ्याच्या या काठावरून मला बघितलं आणि हाक मारली, "कोण तो मनुष्य?" मी म्हणाले, "मी गो आक्का!" ती म्हणाली, "म्हणून तर विचारत्ये."

ती मग दर रविवारी यायला लागली. मला सोडवायला नव्हे. पेटारा नीट विणला जातोय का ते बघायला, असं तिचं म्हणणं. ओट्यावर बसायची आणि मराठीत चुका काढायची. म्हातारी क्रिओलमध्ये उत्तर द्यायची. एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं, पण विराम मात्र दोघी बरोबर जागी घ्यायच्या. मधे बसून सोलणाऱ्या मला कुणी विचारत नव्हतं. एकदा आक्का केळीचं पान घेऊन आली, म्हातारीच्याच चुलीवर तिने मला पुन्हा ढोंडस लावायला लावलं. वाकवा नाही, केवडा नाही, साधं केळीचं पान. पेरूचे निखारे खाली, पेरूचे निखारे वर. बुडाची खरवड तांबूस, खरपूस. म्हातारीने एक घास खाल्ला आणि टोप आपल्याकडे ओढला. आक्काने तो परत ओढला. दोघींनी खरवडीवरून जी ओढाताण केली, त्यात मला वडीचा कोपरासुद्धा मिळाला नाही, आणि दोन जिवांची होते मी!

एवढं सगळं होत होतं तरी जायचं काय, याबद्दल आक्का चकार शब्द काढत नव्हती. मीही विचारत नव्हते. मी पाती सोलत होते आणि मनात म्हणत होते, म्हातारे, हळू विण. पेटारा भराभर वर येत होता. इतका घट्ट, इतका सुबक, की मला तो फाडावासा वाटे. 

दसरा झाला आणि सरदार, म्हणजे मळ्यावरचा मुकादम, सांगत आला, जहाज बंदराला लागलंय. जाणाऱ्यांनी सोमवारी सकाळी बैलगाडीत बसायचं. आक्काने त्याच संध्याकाळी गाठोडं बांधलं. भांडी मला दिली नाहीत. ढोंडसाचा तो टोपही, तिचाच तो, गाठोड्यात घातला. मी ते बघत होते आणि राहा म्हणायचं सोडून चिडचिडत होते: गाठ अशी काय बांधलीस, वाटेत सुटेल, मग बस गोळा करत. ती म्हणाली, "सुटली तर सुटली, माझी गाठ आहे." 

सोमवारी गाडी वस्तीच्या तोंडाशी उभी. मी पहाटे उठून कढईतच वाटेसाठी ढोंडस केलं होतं. डोळ्यांत धूर गेला असं सांगायची सोय म्हणून चिपाडावरच केलं. क्रिओल म्हातारी डोक्यावर पेटारा घेऊन ओढा ओलांडून आली. तिने तो आक्कापुढे ठेवला. झाकण नव्हतं. तिने माझ्याकडे बोट दाखवलं, छाटलेल्या शेंड्यांची खूण केली, आणि खांदे उडवले. चांगली पाती नाहीत, झाकण नाही. या पोरीला विचारा.

गाडीवाला ओरडत होता. नवरा गाठोडं उचलायला वाकला. आक्काने पेटारा उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, आत हात घालून तळ दाबला. मग माझ्या पोटाकडे बघितलं, माझ्या टोपीकडे, सदऱ्याकडे, हातातल्या ढोंडसाकडे. एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि खाली बसली, पेटाऱ्याशेजारी, मातीत. गाडीवाल्याला तिने हात हलवून जा म्हटलं, माशी वारावी तसं. मी तशीच उभी, तोंड उघडं. तेव्हा ती मला म्हणाली:

"बघतेस काय बावळटासारखी? सोड ते गाठोडं, टोप काढ बाहेर. बिनझाकणाचा पेटारा घेऊन समुद्रावर कोण जातं? आणि झाकण नकोच म्हणावं तिला आता, पोर निजवायचं त्यात. केवडा कुठला नि वाकवा कुठला हे जिला कळत नाही, तिच्या हाती आणखी एक जीव ठेवून मी जाऊ होय? भावाच्या घरी बसून घास उतरला असता का मला? रडू नको. ढोंडसात मीठ विसरलीस."